जोडावरचं पान

बँकेत हयातीच्या दाखल्याची रांग लागली होती. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांनी जाऊन आपण अजून आहोत असं सही करून सांगायचं. किरीटभाईंना गुडघ्यांमुळे उभं राहवत नसे, म्हणून ते भिंतीकडेच्या बाकावर बसले होते आणि त्यांच्या जागी त्यांची बायको तरुलता उभी होती. तिच्यापुढे पंचविशीची एक मुलगी, तीही घरच्या कुणाच्या जागी उभी. अंगात निळीच्या रंगाचा कुर्ता आणि त्यावर पांढरी जाईची वेल. रांगेत समोर जे असेल तिकडे माणूस बघतं, तशी तरुलता बराच वेळ त्या वेलीकडे बघत होती. आणि मग तिला दिसलं की सगळ्या पानांची टोकं वर आहेत, पण मुलीच्या दोन खांद्यांच्या मधोमध एका पानाचं टोक खाली आहे. तिनं त्या पानावर बोट ठेवलं. ठेवायचं असं काही ठरवलं नव्हतं. ओल्या रंगावर माशी बसलेली दिसली की हात जसा आपसूक पुढे होतो, तसा झाला.

मुलगी दचकून वळली. "काय आहे मासी? किडा?"

"नाही गं. पान आहे."

"तरु!" बाकावरून किरीटभाई ओरडले. त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे ते बोलतही मोठ्यानं. "कुणाच्या पोरीला काय टोचतेयस?"

रांगेतली चार माणसं हसली. मुलगीही हसली, भली होती. तरुलतेनं विचारलं, कुर्ता कुठून घेतलास? मुलगी म्हणाली, "खंभातला एका बेनचं दुकान आहे. नक्षी सगळी त्या स्वतः काढतात, या वयात! म्हणजे..." आणि तिनं जीभ चावली. "बतूलबेन. तुम्ही ओळखता?"

"नाही," तरुलता म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस ती घरात वावरली, भाजी चिरली, किरीटभाईंना डोळ्यांचे थेंब घातले, पण आत कुठेतरी ती सारखी त्या तिसऱ्या मजल्यावरच्या लांब खोलीत उभी होती. गिरणीचं डिझाईन खातं. उत्तरेच्या बाजूला नुसत्या काचा, म्हणजे दिवसभर एकसारखा उजेड, सावली कशी ती पडायची नाही. पाच टेबलं, त्यातली तीन पुरुषांची आणि खिडकीजवळची दोन तिची आणि बतूलची. पांढऱ्या रंगाच्या बाटलीचा जुनाट, खडूसारखा वास. खालून विणकामाच्या साच्यांचा आवाज येई, पण तो इतका सततचा की ऐकू येत नसे. सुटीच्या दिवशी घरीच कानात पोकळी वाटे. खात्याचे मुख्य कांगासाहेब, पारशी, ताठ, कागद आरशासमोर धरून बघायचे. उलटं दिसलं की चूक पळून जात नाही, म्हणायचे. बतूलला फूल यायचं आणि तरुलतेला सांधा. बतूलची रेघ मोकळी होती, ती कुठेही निघून जायची; पण कापडावरची नक्षी कुठेतरी संपून पुन्हा तिथूनच सुरू व्हावी लागते, डावीकडचं देठ उजवीकडे नेमकं जुळावं लागतं, त्याला जोड म्हणायचे. बतूल पसरायची, तरुलता तिला परत आणून सोडायची. "मी वाट चुकते, तू घरी पोचवतेस," बतूल म्हणे, आणि डबा उघडून आधी चिमूटभर मीठ तरुलतेच्या तळहातावर ठेवी. त्यांच्या बोहरी लोकांत जेवणाची सुरुवात मिठानं होते. तरुलता ते जिभेवर घेई. घरी हे कधीच सांगितलं नव्हतं.

जाईची वेल बतूलनं एका दुपारी काढली. जोड लावायला तरुलतेकडे आली. त्या दिवसांत मणिनगरकडच्या एका मुलाचा फोटो घरात आला होता आणि बा, तिची आई, तो उशीखाली ठेवून तासातासानं बघत होती. तरुलतेचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जोडावरचं एक पान तिनं उलटं ठेवलं. तिच्या नजरेतून ते सुटलं आणि कांगासाहेबांच्या आरशातूनही. मग स्क्रीन तयार झाले, कापड छापून निघालं, आणि कापडावर पान एकदाच चुकत नाही. कापड जितकं लांब, तितक्या वेळा चुकतं. ठाणच्या ठाण पसरलं तेव्हा लंगड्या माणसाच्या पावलांसारखी ती चूक एका ओळीत चालत गेली होती. कांगासाहेबांनी मूळ कागद मागवला. कोपऱ्यात बतूलची सही. "कोणाचं हे काम, डिकरी?" त्यांनी विचारलं. साऱ्या खात्यासमोर. तरुलतेनं तोंड उघडलं. निदान आपण उघडलं होतं असं तिला पुढे वाटत राहिलं. त्याआधी बतूल म्हणाली, "माझं, साहेब." तिच्याकडे न बघता म्हणाली. तीन-चार आठवड्यांनी बतूल यायची थांबली, मग पोस्टानं राजीनामा आला, आणि खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं. वैशाखात तरुलतेचं लग्न झालं, तीही गिरणीतून निघाली. पुढे गिरणीच बंद पडली. आता तिथे दुकानांची मोठी इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर लोक पिझ्झा खातात. पण ते "माझं, साहेब" राहिलं. मुलगा झाला, तो ऑस्ट्रेलियाला गेला, सासूबाई गेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि काढलाही. आणि मधूनच, कणीक मळताना किंवा दाराला कडी घालताना, छातीच्या डाव्या बाजूला काहीतरी टोकाशी खाली वळे. माझ्यामुळे तिची नोकरी गेली. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

नवव्या दिवशी ती म्हणाली, "मी उद्या खंभातला जाऊन येते."

किरीटभाईंनी पेपर खाली केला. "खंभातला? कशाला?"

"कापड आणायला."

"अहमदाबादेतलं कापड संपलं?"

"संध्याकाळपर्यंत येते. थेपले करून ठेवते, दही आहे."

"जा बाई. सुतरफेणी आण मात्र," ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. त्यांचा हा गुण होता, दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत.

गीता मंदिरच्या स्टँडवरून सकाळची गाडी मिळाली, खिडकीही मिळाली. शहर संपायला फार वेळ लागला. पूर्वी ते नारोलच्या अलीकडेच संपायचं. मग भातकापणी झालेली शेतं, सारस पक्ष्यांची एक जोडी, विटांच्या भट्ट्या. तारापूर चोकडीला गाडी थांबली, लोक चहा-गांठियाला उतरले, ती बसून राहिली. काय बोलायचं ते मनात लावत होती. ‘बतूल, ते पान माझं होतं.’ इतकंच वाक्य. पण ते वेगवेगळ्या आवाजांत म्हणून बघताना तिला जाणवलं की आपण बेचाळीस वर्षं त्याला घासून इतकं गुळगुळीत केलंय की आता ते हातात धरता येत नाही. आणि बतूल ओळखेल का? तिचा चेहरा आठवू लागली तर नाक येई, वेणी येई, बोटांवरचे रंगाचे डाग येत, पण सगळं मिळून एक माणूस काही होईना.

दुकान बाजारातून आत वळल्यावर होतं. पूर्वी ते घड्याळांचं असावं: काचेची उंच, अरुंद कपाटं, वरच्या पट्टीवर अजून पुसट सोनेरी अक्षरांत ‘घडियाळी’. आता त्या कपाटांत घड्या केलेली कापडं उभी होती, आणि भिंतीवर एकच लंबकाचं घड्याळ चालू. बतूल गल्ल्यामागे बसली होती. फिका हिरवा रिदा, डोक्यावरून खांद्यांपर्यंत, कडेला बारीक लेस; चष्मा; आणि खाली ठेवलेल्या कागदावर झुकलेली मान. त्या मानेवरून तरुलतेनं तिला ओळखलं. चेहरा नंतर आला.

"या बेन," बतूल न बघताच म्हणाली, "डावीकडे साड्या, उजवीकडे मीटरचं."

"मीटरचंच हवंय. जाईचं."

पेन्सिल थांबली. बतूलनं चष्मा वर केला, मग काढला, मग पुन्हा लावला. "शेलत?" ती म्हणाली. खात्यात सगळ्यांना आडनावानं हाक मारायची पद्धत होती. "तरु शेलत! अगं, तू इतकी जाडी कधी झालीस?"

"तू म्हातारी झालीस तेव्हा."

मग दोघी हसल्या, आणि हसताना बतूल उभी राहून गल्ल्याला वळसा घालून आली, आणि दोघींनी एकमेकींचे दंड धरले, कारण मिठी मारायची त्यांना सवय नव्हती. तरुलतेला वाटलं, आत्ताच सांगावं. पण बतूलनं तिला ओढतच कपाटांकडे नेलं. ही केळफुलं, ही समुद्र मागे गेल्यावर चिखलात राहतात त्या रेघा, हे अकीक घासणाऱ्यांच्या दगडांवरून. ठसे पेथापूरचे, छपाई डीशाला. नवरा, मोइझ, गेल्यावर घड्याळं दुरुस्त करणार कोण? दीर म्हणाले दुकान भाड्यानं द्या. "मी म्हटलं, भाड्यानं देईन तर मलाच देईन." तरुलता घड्या उलगडत गेली. प्रत्येक कापडावर तिची बोटं आपोआप जोड शोधत होती, आणि प्रत्येक कापडावर जोडापाशी काहीतरी एक उलटं होतं: एक केळफूल पाठमोरं, एक रेघ वेगळ्या दिशेनं. तिनं घड्या पुन्हा नीट घातल्या. घड्याळात बाराचे ठोके पडले.

जेवण दुकानामागच्या खोलीतच मांडलं. वर घर होतं, जिना तिथूनच जात होता, पण बतूलनं डबे खाली मागवले. दाळ-चावल आणि त्यावर घ्यायचं पातळ, आंबट पलीदू. "घाबरू नकोस, तुझ्या धर्माचंच आहे," बतूल म्हणाली. "अजून लसूण खातेस ना, की देवमाणूस झालीस?" तरुलतेनं उत्तर द्यायच्या आधी उजवा तळहात पुढे केला. बतूल त्या हाताकडे क्षणभर नुसती बघत राहिली. मग तिनं त्यावर मीठ ठेवलं. पलीद्याचा आंबट, शेवग्याच्या शेंगांचा वास नाकात गेला, आणि तरुलता एकदम बावीस वर्षांची झाली, काचांमधून उजेड येतोय, बोटांना पांढरा रंग लागलाय, अजून काहीच घडलेलं नाही. घास गिळून ती म्हणाली,

"बतूल, ते पान माझं होतं."

"कुठलं पान?"

"जाईचं. उलटं. जोडावरचं."

"मग?" बतूल म्हणाली. "ते माझं होतं असं मी कधी म्हटलं?"

"कांगासाहेबांना म्हणालीस की."

"साहेबांना म्हटलं. तुला नाही." तिनं पलीदू वाढलं. "अगं, साहेबांना मी आवडत होते. मला ओरडून गप्प बसले असते. तुझ्या घरी कळलं असतं तर तुझी बा म्हणाली असती, बस झाली गिरणी. एवढं काय त्यात? आणि ते पान मला आवडलं होतं, तरु. सगळी पोरं शाळेत वर बघून प्रार्थना म्हणतायत आणि एक पोरगी खाली बघतेय, तसं. म्हणून तर मी दर नक्षीत एक उलटं घालते. मुंबईच्या बायका विचारतात, हे काय? मी सांगते, एका मैत्रिणीची चूक आहे. त्या म्हणतात, किती सुंदर!" ती खदखदून हसली. "तुझ्या चुकीवर दुकान चाललंय माझं!"

तरुलतेलाही हसू आलं, पण हसू अर्ध्यावर आलं आणि थांबलं. बेचाळीस वर्षांचं ओझं कुणी हातातून घेऊन कोपऱ्यात सहज ठेवून द्यावं, आणि मग त्या मोकळ्या हातांचं काय करायचं ते कळू नये, तसं. ती म्हणाली, "पण त्याच्यामुळे तू नोकरी सोडलीस."

बतूलचं हसू गेलं. रागानं गेलं नाही. दिवा दुसऱ्या खोलीत न्यावा तसं गेलं.

"त्याच्यामुळे?" ती म्हणाली. "असं समजत होतीस तू?"

"मग?"

"अब्बा गेले म्हणून सोडली. उत्तरायणच्या आठवड्यात गेले. भाई म्हणाला, आता अहमदाबादला कोण ठेवणार, खंभातला फुफीकडे चला. तिथेच मोइझचं ठरलं." तिनं ताटातला भात बोटानं गोळा केला, खाल्ला नाही. "अब्बा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले होते. खाडियात, तुमच्या पोळेच्या गल्लीत. औषध आणते सांगून घरातून निघाले. हे तुला आठवत नाही?"

तरुलतेनं हातातला घास परत ताटात ठेवला.

"रविवार होता. तुमच्याकडे पाहुणे होते, वरून आवाज येत होते. तू खाली आलीस, निळी साडी नेसली होतीस, पावडर लावलेली. मी म्हटलं, तरु. तू म्हणालीस, आत्ता नको, उद्या ये. तेवढ्यात वरच्या खिडकीतून एका बाईनं विचारलं, कोण आहे गं? आणि तू वर बघून म्हणालीस, कोणी नाही, गिरणीतून कागद घेऊन आलीय कुणीतरी. आणि दार लावलंस."

घड्याळाचा लंबक ऐकू येत होता. तरुलतेला ती खिडकी आठवली, ती निळी साडी आठवली, दाराची पितळी कडी आठवली. दारात मात्र कोणी नव्हतं. तिनं पुन्हा दार उघडून बघितलं. तिथे पोळेतला रिकामा चौक, कबुतरांच्या दाण्याचा चबुतरा, ऊन. कोणी नव्हतं.

"बतूल, मला माफ कर," ती म्हणाली. "माझ्याकडून..."

"आठवतंय तुला?"

"नाही."

"मग माफी कशाची मागतेस?" बतूलचा आवाज चढला नव्हता. "मी सांगितलेल्या गोष्टीची? खा. जाऊ दे. तुला कुठे माहीत होतं अब्बा गेलेत ते? मी तोंडच उघडलं नव्हतं."

पुढे त्या बराच वेळ बोलत होत्या, मुलांबद्दल, डोळ्यांबद्दल, कांगासाहेब कधी गेले त्याबद्दल. बतूलनं अडीच मीटर जाईचं कापड मोजून फाडलं. फाडण्याचा तो लांब, सरळ आवाज दोघींनी एकदमच मान कलती करून ऐकला. सुतरफेणीचा डबा बांधून दिला. दारापर्यंत आली, "पुन्हा ये" म्हणाली, पण ते दुकानदार म्हणतो तसं म्हणाली.

चारच्या गाडीत तरुलतेला उन्हाच्या बाजूची जागा मिळाली. मांडीवर कापड, त्यावर डबा. ती त्या रविवारी परत जायचा प्रयत्न करत होती. जिन्यातले पाहुण्यांचे जोडे आठवत होते: एक तपकिरी, नवा, टाचेला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली, तो किरीटभाईंचा. बशीतला चेवडा आठवत होता. सासूबाई, तेव्हा अजून सासूबाई नव्हत्या, खिडकीशी बसल्या होत्या कारण त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. हे सगळं नख लावून काढावं इतकं स्वच्छ. आणि त्यात एक माणूस कापून काढलेलं. असं कसं होईल? पान आठवतं, पानाची शीर न् शीर आठवते. आणि माणूस आठवत नाही? तिनं पर्समधून फोन काढला. दोनदा लावल्यावर किरीटभाईंनी उचलला.

"सुतरफेणी घेतलीस?"

"घेतली. अहो, एक विचारू? आपल्या बघण्याच्या दिवशी खाली कोणी आलं होतं का?"

"कुठल्या दिवशी?"

"तुम्ही मला बघायला आला होता त्या दिवशी!" ती ओरडली. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे वळून पाहिलं.

"हे तू बसमधून विचारतेयस?" पलीकडे ते थांबले. टीव्हीचा आवाज कमी झाला. "आलं होतं की. बेल वाजली, तू खाली गेलीस. माझ्या बानं खिडकीतून विचारलं, कोण आहे, तर तू म्हणालीस कोणी नाही. मग चहा घेऊन आलीस. मला चांगलं आठवतं, कारण कप असे वाजत होते बशीत, की माझा मामा हसायला लागला. अर्धा चहा सांडलेला. हात थरथरत होते तुझे. घरी जाताना बा म्हणाली, पोरगी घाबरट दिसते. मी म्हटलं, घाबरट नाही, लाजतेय. तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं मी." ते जरा हसले. "आजवर तुला सांगितलं नाही. मला बघून कुणी इतकं थरथरावं, असं आधी कधी झालं नव्हतं, तरु."

"बरं," ती म्हणाली, "ठेवते." फोन बंद करून तिनं आपले हात बघितले. म्हातारे, डाग पडलेले, डब्याच्या सुतळीवर ठेवलेले. मग ते हात तिला दिसले, बावीस वर्षांचे, ट्रे धरलेले. आणि हातांतला ट्रे घेऊन ती जिना उलटी उतरली, एक एक पायरी, दारापर्यंत, आणि दार उघडलं. बतूल उभी होती. काळी ओढणी डोक्यावरून, आणि कपाळावर आडवी गुलाबी रेघ. उत्तरायणच्या पतंगांचा दोरा रंगवायचे दिवस, गल्लीगल्लीत दोऱ्या ताणलेल्या, ती एकीखालून वाकून आली असणार आणि ओला रंग तिच्या कपाळाला लागला होता. ही रेघ बतूलनं सांगितली नव्हती. तिला तरी कुठे दिसली असणार? आणि ती रेघ बघून तरुलतेच्या मनात जे आलं होतं तेही आता, तारापूरच्या अलीकडे, उन्हानं तापलेल्या खिडकीशी, जसंच्या तसं आलं: वडील गेलेल्या पोरीच्या कपाळावर गुलाबी रंग, कुणी पुसलासुद्धा नाही.

म्हणजे तिला माहीत होतं.

गिरणीचा शिपाई शनाभाई शुक्रवारीच येऊन सांगून गेला होता. बतूलबेनचे वडील वारले. तिनं चपला घातल्या होत्या. बा जिन्यात आडवी आली. रागावून नाही, लाडानंच, गालावर हात ठेवून म्हणाली, "रविवार होऊन जाऊ दे बेटा. आत्ता तिथे रडून आलीस तर तोंड उतरेल. सोमवारी सकाळी जा, मी स्वतः पाठवते." तिनं चपला काढल्या. सोमवारी मणिनगरहून होकार आला, घरात गोळधाणे वाटले, आणि ती गेली नाही. मंगळवारीही नाही. मग इतके दिवस झाले की जायचं तोंड राहिलं नाही; आणि मग, केव्हातरी, तिनं ते पान पुढे ओढलं असेल. पान सोसता येत होतं.

गाडी तारापूर चोकडीला थांबली. तरुलता उतरली. कंडक्टर म्हणाला, "मासी, अहमदाबाद नाही आलं!" ती म्हणाली, "मला माहीत आहे," आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. खंभातकडे जाणारी गाडी यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात तिच्या मनात आलं की बतूलनं स्वतःच तिला सोडवून ठेवलंय. तुला कुठे माहीत होतं, म्हणाली. ते तसंच राहू दिलं तर काय बिघडेल? एक म्हातारी बाई थोडं कमी दुखवून घेऊन झोपेल. खरं सांगायचं ते कुणाच्या सुखासाठी, तिच्या की आपल्या? तिला ठरवता येईना. गाडी आली तेव्हा मात्र ती सगळ्यांत आधी चढली.

ऊन कलून गेलं होतं. बतूल आकडीच्या काठीनं शटर खाली ओढत होती. ते अर्ध्यावर अडकलं होतं. तरुलतेला बघून तिनं काठी तशीच धरून ठेवली.

"गाडी चुकली?"

"नाही. बतूल, मला माहीत होतं." धाप लागली होती, पण थांबली असती तर पुढचं आलं नसतं. "अब्बा गेलेले मला माहीत होतं. शनाभाई शुक्रवारीच सांगून गेला होता. मी चपलासुद्धा घातल्या होत्या. आणि मी आले नाही. आणि तू आलीस तेव्हा तुझ्या कपाळावर गुलाबी रेघ होती, दोऱ्याच्या रंगाची, आणि ती मी बघितली. बघून दार लावलं."

बतूलचा हात हळूच कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला. गल्लीतून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"मला ठाऊक होतं," ती मग म्हणाली.

"काय?"

"तुला माहीत होतं ते. शनाभाई तुमच्याकडून थेट आमच्याकडे आला होता. म्हणाला, तरुबेनला सांगून आलोय, येतीलच. शुक्रवारी मी जिन्याकडे कान लावून बसले. शनिवारी बसले. बायका रडत होत्या आणि मी जिना ऐकत होते. मग मला वाटलं, हिनं आमचं घर बघितलंय कुठे? आमच्या गल्ल्या त्या तशा, चारदा वळायचं, कुणाला विचारणार? हिला घर सापडत नसेल." तिनं काठी भिंतीला टेकवून ठेवली. "म्हणून आले होते मी. तुला न्यायला."

तरुलता दुकानाच्या पायरीवर बसली. बतूलनं तिला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही, उगी म्हणाली नाही. शेजारचा अकीकवाला दुकान बंद करून सलाम करून गेला, त्याला तिनं सलाम केला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "शेवटची गाडी सव्वासातला आहे," आणि खाली वाकून तरुलतेच्या मांडीवरचं कापड आणि डबा उचलून आपल्या काखेत घेतला.

"ऊठ. वर चल."

"वर?"

"घरी." बतूल अर्ध्या शटरखालून वाकून आत गेली होती, आतल्या अंधारातून तिचा आवाज आला, आणि दिव्याचं बटण चाचपल्याचा. "पहिली पायरी उंच आहे, तिथे सगळे अडखळतात. माझ्या मागोमाग ये."